शिरापूरच्या मजूरघरांत रोजगार हमीनं काय बदललं

सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यात शिरापूर नावाचं गाव आहे. जमीन काळी, खोल, चिकट. पाऊस झाला की पाय घोट्यापर्यंत रुततो आणि उन्हाळ्यात त्याच रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीत पावसाळी पीक घेणं जोखमीचं. जूनचा पाऊस भरवशाचा नाही, आणि पडलाच तर चिखलात औत चालत नाही. म्हणून इथला शेतकरी पूर्वीपासून खरिपात बहुतेक रान मोकळं ठेवत आला. परतीच्या पावसाची ओल जमिनीत मुरू द्यायची आणि त्या ओलीवर रब्बीची ज्वारी पेरायची.

ज्याची जमीन आहे त्याच्यासाठी हा हिशेब शहाणपणाचा आहे. ज्याची नाही, त्याच्या घरात याचा अर्थ असा की पेरणीचं काम सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि काढणीचं फेब्रुवारी-मार्चात. ज्वारी उपटायची, कणसं मोडायची, मळणी करायची. एप्रिल लागला की पुढचे चार-पाच महिने गावात मजुरीला बोलावणारं जवळजवळ कोणी नाही. दुष्काळ हा शब्द आपण वाईट वर्षासाठी वापरतो. शिरापूरच्या भूमिहीन घराला चांगल्या वर्षातही एवढा रिकामा काळ ठरलेलाच होता.

रोजगार हमी योजनेचा घरावर नेमका काय परिणाम झाला, हे तपासायला मी हेच गाव निवडलं, कारण इथल्या घरांचा हिशेब लिहून ठेवलेला आहे. हैदराबादजवळ पाटणचेरूला असलेल्या इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीवरच्या संशोधन संस्थेनं १९७५ मध्ये सहा गावांचा अभ्यास सुरू केला. सोलापूरची शिरापूर आणि कळमण, अकोल्याची कंझरा आणि किनखेडा, आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या महबूबनगर जिल्ह्यातली औरेपल्ली आणि डोकूर. प्रत्येक गावातली ४० घरं निवडली. त्यांत १० भूमिहीन मजुरांची आणि ३० लहान, मध्यम, मोठ्या शेतकऱ्यांची. संस्थेचे माहिती गोळा करणारे लोक गावातच राहायचे आणि दर तीन-चार आठवड्यांनी प्रत्येक घरी जाऊन विचारायचे. किती दिवस कामाला गेलात, कुठं गेलात, काय मिळालं, काय खर्च झालं, कुणाकडून उसनं घेतलं. हे वर्षानुवर्षं चाललं. गरीब घराचं एवढ्या बारकाईनं टिपलेलं जमाखर्चाचं बाड आपल्याकडे फार थोडं आहे.

आणि हा अभ्यास सुरू झाला त्याच सुमारास महाराष्ट्रातल्या चार गावांत रोजगार हमी पोचत होती. औरेपल्लीत अशी हमी नव्हती. कोणी मुद्दाम आखलेलं नसताना तुलनेला गाव मिळालं.

हमी म्हणजे काय होतं

कल्पना वि. स. पागे यांची. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूर परिसरात, १९६५ मध्ये तिचा पहिला प्रयोग झाला. पागे १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती होते, त्यामुळे हा विचार मुंबईपर्यंत पोचायला अडचण पडली नाही. १९७२ साली योजना जाहीर झाली आणि लगेच तो मोठा दुष्काळ आला. मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. खडी फोडणारी, माती वाहणारी, कामावरच सुकडी खाणारी ती पिढी अजून आपल्या घरांत आहे. ‘बहात्तरचा दुष्काळ’ असं ती तारखेसारखं सांगते. मागणी केली तर सरकार एवढ्या माणसांना काम देऊ शकतं, हे त्या दोन वर्षांत सिद्ध झालं. कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला.

पैसा उभा करायला १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. मुंबई-पुण्यातल्या पगारदाराच्या पगारपत्रकावर आजही दिसणारी ती कपात मुळात शिरापूरसारख्या गावांतल्या मजुरीसाठी होती, आणि जेवढा कर जमेल तेवढीच भर राज्यानं घालायची असं ठरलं. शहरानं खेड्यातल्या रिकाम्या महिन्यांची जबाबदारी घेतल्याची दुसरी इतकी सरळ व्यवस्था मला माहीत नाही.

मजुराच्या दृष्टीनं नियम साधे होते. अंगमेहनतीचं काम करायला तयार असलेल्या प्रौढ माणसानं मागणी करायची. पंधरा दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर दिवसाला एक रुपया भत्ता. भत्ता प्रत्यक्षात क्वचितच कुणाच्या हातात पडला. पण दारिद्र्यरेषेचा दाखला नाही, जातीचा दाखला नाही, शिफारस नाही. काम इतकं कष्टाचं आणि मजुरी इतकी बेताची की ज्याला गरज नाही तो आपणहून येत नसे. गरजू ओळखण्याची हीच चाळणी होती.

मातीचा खांब

ही मजुरी कशी ठरायची ते जवळून बघण्यासारखं आहे. नालाबांधाचं किंवा पाझर तलावाचं काम निघालं की जमिनीवर चौकोन आखून द्यायचे. एका चौकोनावर एक टोळी. बहुतेक वेळा नवरा-बायको, किंवा दोन घरं मिळून. पुरुष कुदळीनं खणायचा, बाई फावड्यानं पाटीत भरून बांधावर नेऊन टाकायची. खणताना मधोमध मातीचा एक खांब तसाच राखायचा. आठवड्याच्या शेवटी मोजणीदार यायचा आणि त्या खांबाच्या उंचीवरून किती खोल खणलं ते मोजायचा. लांबी, रुंदी, खोली, आणि माती भुसभुशीत की मुरमाड त्याप्रमाणे दर. त्यावर पगार. दर असे बांधलेले असायचे की सात तास नेटानं काम केलं तर किमान मजुरी सुटावी.

यात दोन गोष्टी घरासाठी महत्त्वाच्या होत्या. पहिली, मोजमाप मातीचं होत असल्यामुळे बाईचा दर वेगळा नव्हता. शेतावर तेव्हा बाईची हजेरी पुरुषापेक्षा कितीतरी कमी असे. इथं पाटीला पाटीचा भाव. राज्यभर हमीच्या कामांवर बायकांचा भरणा मोठा होता, त्याचं कारण मला यातच दिसतं. दुसरी, पगार आठवड्याच्या हिशेबानं आणि रोख मिळायचा. मजूरघराचं सगळं जमाखर्चाचं चक्र बाजाराच्या दिवसावर फिरतं. मीठ, तेल, मिरची, चहापत्ती, आजाऱ्याचं औषध, हे बाजारच्या बाजारला होतं. त्या तालात पैसे आले तर ते पैसे उपयोगाचे.

मोजणीत खोट व्हायची, मुकादम खोटी नावं लावायचे, मुरमाला मातीचा दर लागायचा. या तक्रारी खऱ्या होत्या आणि त्यासाठी मोर्चेही निघाले. पण राखलेला खांब सगळ्यांना दिसत असे, एवढी तरी सोय होती. कोणीही काठी घेऊन स्वतः मोजून बघावं.

वह्यांनी काय सांगितलं

शिरापूर आणि कंझऱ्याच्या नोंदी घेऊन गौरव दत्त आणि मार्टिन रॅव्हेलियन या अर्थतज्ज्ञांनी नव्वदच्या दशकात एक साधा प्रश्न विचारला. हमीच्या कामावर बाई किंवा बुवा गेला तेव्हा त्यानं दुसरं काय सोडलं? कारण हातात शंभर रुपये आले आणि त्यासाठी नव्वदची मजुरी बुडली, तर घराला दहाच मिळाले. उत्तर असं निघालं की सोडलेलं उत्पन्न हमीच्या मजुरीच्या साधारण चौथा हिस्सा होतं. म्हणजे शंभरातले पंच्याहत्तरच्या आसपास घरात निव्वळ भर. हमीचे बहुतेक दिवस रिकाम्या दिवसांतून आले होते. शेतमजुरीतून आणि स्वतःच्या रानातल्या कामातून त्या मानानं कमी.

हे लक्षात घ्या, कारण योजनेवरचा सगळ्यांत जुना आक्षेप शेतकऱ्यांचा आहे, की हमीमुळे मजूर मिळत नाहीत. हा आक्षेप मी झटकून टाकणार नाही. ऐन ज्वारी काढणीत चार माणसं कमी पडली की पाच एकरवाल्याचा जीव टांगणीला लागतो. पण त्या वह्यांत दिसतं ते असं की हमीनं मुख्यतः रिकामा काळ भरला. शेतकऱ्याला खरी अडचण झाली ती बहुधा वेगळ्या कारणानं. घरात दोन आठवड्यांचे पैसे असलेला मजूर पहिल्या हाकेला, पडेल त्या भावाला येत नाही. तो विचारतो, काय देणार? ही ताकद मजुरीच्या रकमेत मोजली जात नाही, पण घरातल्या माणसाला ती कळते.

दुसरा निष्कर्ष मला जास्त मोलाचा वाटतो. इक्रिसॅटमधल्याच टॉमस वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूमिहीन घरांचं उत्पन्न वर्षागणिक किती खालीवर होतं ते पाहिलं. शिरापूर आणि कंझऱ्यातला चढउतार औरेपल्लीच्या सुमारे निम्मा निघाला. याचं सगळं श्रेय हमीला देता येणार नाही. औरेपल्लीची जमीन तांबडी, तिथली पिकं वेगळी, धंदे वेगळे. तरीही फरक मोठा आहे.

निम्मा चढउतार म्हणजे घरात काय? वर्षाची सरासरी कमाई दोन्हीकडे सारखी असली, तरी एका घरात वाईट वर्ष येतं तेव्हा शेळी विकावी लागते, मुलीची शाळा सुटते, सावकाराकडे भांडं जातं. या तिन्ही गोष्टी पुढच्या चांगल्या वर्षात सहज परत येत नाहीत. शेळी पुन्हा घ्यायला दीडपट पैसे लागतात आणि शाळा सुटलेली मुलगी बहुधा सुटलेलीच राहते. दुसऱ्या घरात तेच वाईट वर्ष येतं, पण पाझर तलावाचं काम चालू आहे. कमाई थोडकी, पण शेळी दावणीला राहते. दुकानदारही त्या घराला उधारी देतो, कारण शनिवारी पगार आहे हे त्यालाही माहीत असतं. मजुरीची बेरीज करून योजनेचा हिशेब मांडणाऱ्यांच्या नजरेतून नेमकं हे निसटतं. मजुराला महिनाअखेर किती मिळालं यापेक्षा, जूनमध्ये काम मिळेल हे त्याला मार्चमध्येच माहीत होतं का, यावर घराचे निर्णय ठरतात. कारखान्याच्या मुकादमाकडून उचल घ्यायची आणि कोयता घेऊन सहा महिने गाव सोडायचं की नाही, हा निर्णयही त्यातलाच.

तलावाचा फायदा मात्र ज्यांनी तो खणला त्यांना क्वचितच झाला. पाझर तलावाखालच्या विहिरींना पाणी वाढलं, आणि विहिरी जमीनवाल्यांच्या. भूमिहीनाला मजुरी मिळाली, जमीनवाल्याला पाणी. १९९०-९१ मध्ये फळबाग लागवड हमीशी जोडली गेली तेव्हाही हेच झालं. सांगोल्याकडच्या डाळिंबाच्या बागांनी त्या भागाचं रूप पालटलं, पण बाग लावायला आधी सातबारा लागतो. त्यातून एवढं झालं की भिजणाऱ्या रानाला उन्हाळ्यातही मजूर लागतो. पुढे मोहोळ तालुक्यात उजनीचं पाणी आलं, ऊस आला, आणि मी सुरुवातीला सांगितलेलं कामाचं वेळापत्रकही तिथं जसंच्या तसं राहिलं नाही.

१९८८

या प्रकरणातला सगळ्यांत शिकवणारा भाग इथं आहे. १९८८ मध्ये राज्यात किमान शेतमजुरीचे दर जवळपास दुप्पट झाले. हमीची मजुरी किमान मजुरीशी बांधलेली असल्यामुळे तीही तेवढीच वाढली. वाढ न्यायाची होती. आधीचा दर इतका अपुरा होता की त्याचं समर्थन करणं कठीण.

पण त्यानंतर कामांवरची हजेरी झपाट्यानं खाली आली. मजुरी वाढल्यावर मजूर कमी का येतील? उलट जास्तच यायला हवे होते. रॅव्हेलियन, दत्त आणि शुभम चौधुरी यांनी राज्याच्या महिनावार आकड्यांवरून दाखवलं की लोक कामाला येईनासे झाले नव्हते, कामंच कमी निघू लागली होती. माणशी खर्च दुप्पट झाला, खर्चाची तयारी तेवढी वाढली नाही, आणि ताण कामांच्या संख्येवर पडला. कायदा तोच राहिला, हमी हा शब्द तोच राहिला. पण मागेल त्याला मिळणारी गोष्ट, काम निघेल तेव्हा मिळणारी गोष्ट झाली. कायद्याचं एक अक्षरही न बदलता हे घडलं, म्हणून त्याची बोंब झाली नाही.

मजूरघराच्या अंगानं पाहिलं तर ज्याला काम मिळालं त्याला जास्त मिळालं, आणि ज्याला मिळालं नाही त्याचा जून पुन्हा पूर्वीसारखा झाला. मार्चमध्येच माहीत असण्याची गोष्ट संपली.

पंधरा दिवस आणि सत्तावीस रुपये

२००५ साली रोजगार हमीचा देशाचा कायदा झाला, २००६ पासून टप्प्याटप्प्यानं आणि २००८ पासून सगळ्या ग्रामीण भागात लागू झाला. त्याचा पाया बराचसा महाराष्ट्राच्या अनुभवावर होता. घरटी वर्षाला १०० दिवस. त्यापुढचे दिवस आपल्याकडे राज्याच्या खर्चानं. जॉबकार्ड आलं, नमुना ४ हा अर्ज भरून कामाची मागणी आली, खात्यावर थेट पैसे आले. मुकादमाच्या हातून रोख पगार जाण्यातली लबाडी खात्यामुळे कमी झाली, हे मान्य करायला हवं.

गेलं काय, तर बाजाराचा ताल. मस्टर, म्हणजे कामाचा हजेरीपट, बंद झाल्यावर पंधरा दिवसांत पैसे यावेत असा या कायद्याचा नियम. उशीर झाला तर सोळाव्या दिवसापासून रोज ०.०५ टक्के भरपाई. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्राचा दर २९७ रुपये होता. सहा दिवसांचे १,७८२ रुपये. ते आणखी एक महिना रखडले तर कायद्यानं भरपाई होते सुमारे २७ रुपये. तेवढ्याच रकमेची उसनवारी शेकडा तीन रुपये महिन्यानं केली, तर व्याज ५३ रुपयांच्या वर जातं. म्हणजे उशिराचं निम्मं ओझं मजुरानंच उचलायचं, तेही भरपाई खरोखर मिळाली तर.

आणि मातीच्या खांबाची जागा आता फोटोनं घेतली आहे. १ जानेवारी २०२३ पासून सार्वजनिक कामांवर रोज दोन वेळा मोबाईलच्या ॲपमधून फोटो काढून हजेरी लावावी लागते. मराठवाड्यातल्या एका गावात बांधाच्या कामावर मी अर्धा दिवस बसलो होतो. ग्रामरोजगार सेवक रेंजसाठी मोबाईल घेऊन टेकाडावर चढला आणि बायका खाली ओळीत उभ्या राहिल्या. पासष्टीच्या एका मावशींनी पदर मागं सारला आणि ओरडून विचारलं, “दादा, म्या दिसतीय का त्यात? मागल्या बारीला डोक्यावर पाटी हुती, तोंड आलं न्हाई म्हून खाडा पडला.” दादा खालमानेनं म्हणाला, “मावशी, मी काय करू, वरून असंच आहे.” तो खोटं बोलत नव्हता. त्या दिवशी त्यांनी किती माती काढली होती ते त्या खड्ड्यात उघडं दिसत होतं, आणि त्यावरून हजेरी ठरत नव्हती.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. दिवस १०० वरून १२५ केले. पेरणी-काढणीच्या हंगामात वर्षाला एकूण ६० दिवसांपर्यंत काम थांबवायची मुभा राज्याला दिली. वेगवेगळ्या भागांसाठी ते दिवस वेगळे ठरवता येतात, हे बरं आहे, कारण शिरापूरचा हंगाम आणि कंझऱ्याचा हंगाम एक नाही. महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी खर्चाचा ४० टक्के वाटा राज्यावर आला. आणि केंद्राकडून राज्याला वर्षाला किती मिळणार ते आधीच ठरणार. त्यावर खर्च झाला तर तो राज्याचा.

मला १९८८ आठवतं ते या शेवटच्या कलमामुळे. तेव्हा मजुरी वाढली आणि पैसा तेवढा वाढला नाही; आता दिवस वाढले आहेत आणि पैशाला आधीच कुंपण आहे. ठरलेला निधी संपत येतो तो आर्थिक वर्षाच्या शेवटी, जानेवारीनंतर. शिरापूरच्या रानात तेव्हा ज्वारीची काढणी असते, म्हणून तिथं ते चटकन जाणवणारही नाही. कंझऱ्याकडे तोवर कापसाची वेचणी आटोपत आलेली असते, आणि मजूरघराचा रिकामा काळ तिथूनच सुरू होतो.